धातू काढला, ईओसिन घातलं. रिअॅक्शन हरित झाली का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांच्या मार्गात प्रकाशावर चालणाऱ्या दोन पायऱ्या आहेत. पहिलीत बॉक-प्रोलीनमधून (प्रोलीन या अमिनो आम्लाच्या संरक्षित रूपातून) कार्बन डायऑक्साइड काढून उरलेलं रॅडिकल अॅक्रिलेटवर जोडायचं. ती प्रकाश शोषून उत्प्रेरकाचं काम करणाऱ्या इरिडियम धातूच्या कॉम्प्लेक्सवर उत्तम चालत होती. इरिडियम दुर्मिळ आणि महाग, म्हणून त्याच्या जागी ईओसिन वाय हा लाल सेंद्रिय रंजक घालून हिरवा एलईडी लावला, तर ती जेमतेम सरकली. दुसरीत ईओसिन आणि हवेतला ऑक्सिजन वापरून सल्फाइडचं सल्फॉक्साइड करायचं. ती 100 मिलिग्रॅमवर चार तासांत पूर्ण झाली, 20 ग्रॅमवर मात्र दोन दिवसांनीही अर्धीच. त्यांचं विचारणं असं, की सेंद्रिय रंजक खरोखर धातूंची जागा घेऊ शकतात का, आणि घेतली तर त्याला हरित, म्हणजे पर्यावरणाला सौम्य, म्हणावं का.

जागा घेऊ शकतात, यात शंका नाही. 2008 मध्ये मॅकमिलन आणि निसविक्झ यांनी रुथेनियम आणि दृश्य प्रकाशाच्या जोरावर अल्डिहाइडचं असममित अल्किलेशन करून दाखवलं. तेच काम 2011 मध्ये रेगेन्सबर्गच्या कर्स्टन त्सायटलर यांच्या गटाने ईओसिन वाय आणि हिरव्या प्रकाशात केलं. पण धातू गेला म्हणून रिअॅक्शन आपोआप हरित होत नाही. प्रकाश किती खर्च झाला, सॉल्व्हंट कोणता आणि किती लागला, आणि काम पूर्ण करायला कुठलं अभिकर्मक फुकट जाळावं लागलं, हे मोजल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ येत नाही. मी बरीच वर्षं हेच काम करतोय. पहिली काही वर्षं मीही फक्त उत्प्रेरकाचं नाव बदलून समाधान मानत होतो, आणि त्यात वेळ गेला. म्हणून तुमच्या दोन्ही पायऱ्या आकड्यांनिशी उलगडून सांगतो.

पहिली पायरी अडली ती ईओसिन वाईट आहे म्हणून नाही. त्याच्या हातात तेवढा जोर नाही. बेस घातल्यावर बॉक-प्रोलीनचं कार्बोक्सिलेट होतं, आणि त्यातला इलेक्ट्रॉन काढायला कॅलोमेल या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत साधारण +0.95 व्होल्ट लागतात. प्रकाश शोषून उत्तेजित झालेलं ईओसिन +0.83 व्होल्टपर्यंतच ओढतं. तुमच्या फ्लोरिनयुक्त इरिडियम कॉम्प्लेक्सची ओढ +1.21 आहे. कागदावर 0.1 व्होल्टचा फरक किरकोळ वाटतो, पण इलेक्ट्रॉन द्यायचा की नाही याचा निर्णय उत्तेजित अवस्थेच्या काही मायक्रोसेकंदांत व्हायचा असतो. तेवढ्या वेळात चढावर इलेक्ट्रॉन जात नाही, रंजक ऊर्जा उष्णतेत घालवून मोकळा होतो. ईओसिनचं खरं बळ दुसरीकडे आहे: एकदा त्याने इलेक्ट्रॉन घेतला, की तो −1.06 व्होल्टच्या जोराने पुढे देतो. डायअॅझोनियम क्षार किंवा कार्बोनिलशेजारचे ब्रोमाइड यांना ते सहज पुरतं. तुमचं काम मात्र आधी ओढण्याचं आहे, द्यायचं नंतर.

इथे 4-सीझेड-आयपीएन घ्या. हे दोन सायनो गट असलेल्या बेंझीनवर चार कार्बाझोल बसवलेलं संयुग आहे. ते क्युशू विद्यापीठातल्या अडाची यांच्या गटाने 2012 मध्ये ओएलईडी दिव्यांसाठी पुढे आणलं, आणि 2016 पासून संश्लेषण करणाऱ्यांनी ते उत्प्रेरक म्हणून उचललं. उत्तेजित अवस्थेत ते सुमारे +1.35 व्होल्टने ओढतं आणि इलेक्ट्रॉन घेतल्यावर सुमारे −1.21 ने परत देतं. म्हणजे ओढ इरिडियमहून थोडी जास्तच, आणि तुमच्या रिअॅक्शनचं चक्र पूर्ण होण्याइतकं देणंही आहे. लागणारा प्रकाश निळा. अॅक्रिडिनियम रंजक, म्हणजे फुकुझुमी यांनी 2004 मध्ये आणलेलं मेसिटिल-अॅक्रिडिनियम, +2.06 व्होल्टपर्यंत जातं. तुम्हाला त्याचा मोह होईल, पण ते इथे नको. एवढ्या जोराचा रंजक अॅनिसोलसारखं इलेक्ट्रॉन-समृद्ध अॅरोमॅटिक वलयही ऑक्सिडाइज करतो. तुमच्या पुढच्या सबस्ट्रेटवर, म्हणजे ज्यावर काम करायचं त्या पदार्थावर, तशी वलयं आहेत, तेव्हा तो निवडक राहणार नाही. हवं तेवढं काम होईल इतपत जोर, त्याहून जास्त नाही, हा निकष मी आता आधी लावतो आणि मगच रंजकाची बाटली उघडतो.

ईओसिनबद्दल अजून एक गोष्ट सांगायला हवी, कारण पहिल्या पायरीत ती तुम्हाला फसवून गेली असावी. ईओसिन वाय आम्लाला फार हळवं आहे. पाण्यात त्याचे दोन पीकेए (प्रोटॉन किती सहज सुटतो याचं माप) साधारण 2.0 आणि 3.8 आहेत. दोन्ही प्रोटॉन गेलेलं, म्हणजे डायसोडियम क्षाराचं रूप केशरी-लाल दिसतं आणि काम करतं. आम्ल मिळालं की रेणू स्वतःवर वळून लॅक्टोनचं कडं करतो आणि रंग जातो. ते रूप हिरवा प्रकाश शोषतच नाही. तुमच्याकडे सबस्ट्रेटच कार्बोक्सिलिक आम्ल आहे. बेस कमी पडला किंवा नीट विरघळला नाही, तर व्हायल फिकी पडते आणि आपण रंजक जळला असं समजून आणखी रंजक ओततो. खात्री करायची सोपी रीत आहे: फिक्या नमुन्यात थोडा बेस टाका. रंग परत आला तर रंजक शाबूत आहे आणि अडचण बेसची आहे. रंग हिरवट-पिवळ्याकडे गेलेला दिसला आणि तसाच राहिला, तर ईओसिनचे ब्रोमीन गळून ते फ्लुओरेसिनकडे चाललं आहे. अमाइन खर्ची घालून रेणूला इलेक्ट्रॉन देणाऱ्या क्षपण रिअॅक्शन्समध्ये हे खूप होतं.

ते ब्रोमीन जाणं एवढं महत्त्वाचं का? फ्लुओरेसिन आणि ईओसिन यांचा सांगाडा एकच, फरक चार ब्रोमीन अणूंचा. फ्लुओरेसिन प्रकाश शोषतं आणि काही नॅनोसेकंदांत चमकून मोकळं होतं. ईओसिनमधले जड ब्रोमीन इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटायला मदत करतात, त्यामुळे ते ट्रिपलेट अवस्थेत उतरतं आणि तिथे मायक्रोसेकंदांच्या हिशोबात टिकतं. दुसऱ्या रेणूशी गाठ पडायला तेवढा अवधी लागतोच. रोझ बेंगालमध्ये आयोडीन आहे, म्हणून ऑक्सिजनला उत्तेजित करण्यात ते ईओसिनच्याही पुढे जातं. तुमच्या सल्फाइडच्या पायरीसाठी मी तेच घेईन.

आता ती दुसरी पायरी. मला या प्रश्नातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण छोट्या व्हायलमध्ये लपलेलं सगळं 20 ग्रॅमवर उघडं पडतं.

सल्फाइडचा रेणूभार 200 धरू. 20 ग्रॅम म्हणजे 0.1 मोल, आणि 0.1 मोलर द्रावण म्हणजे एक लिटर. तुम्ही 1 मोल टक्का, म्हणजे सल्फाइडच्या शंभर रेणूंमागे एक, ईओसिन घातलंत, म्हणजे द्रावणात ते 1 मिलिमोलर आहे. हिरव्या भागात ईओसिनचा मोलर शोषणांक 60,000 च्या आसपास असतो. गुणाकार केला तर एका सेंटिमीटरला शोषण 60 येतं. याचा अर्थ 90 टक्के प्रकाश काचेलगतच्या पहिल्या 0.17 मिलिमीटर थरातच संपतो! एक लिटरच्या गोल फ्लास्कचा व्यास बारा-तेरा सेंटिमीटर. आतलं सगळं द्रावण अंधारात फिरत राहतं, आणि त्या पातळ थरातला रंजक मात्र अखंड मारा खाऊन जळतो. व्हायलमध्येही थर तेवढाच पातळ होता, पण तिथे द्रावणाच्या मानाने उजळलेला पृष्ठभाग पाच-सहा पट जास्त होता आणि पदार्थ दोनशे पट कमी. म्हणून ते दिसलं नाही.

अशा वेळी बहुतेक जण रंजक वाढवतात. कमी करा. 0.05 मोल टक्का घेतलंत, तर शोषण सेंटिमीटरला 3 होतं आणि प्रकाश तीन मिलिमीटरहून थोडा जास्त आत पोचतो. रंजकाचं वजनही सुमारे 0.7 ग्रॅमवरून 35 मिलिग्रॅमवर येतं. तेवढ्याच जाडीच्या पारदर्शक फ्लोरोपॉलिमर नळीतून द्रावण एलईडीभोवती फिरवलं, तर एकही थेंब अंधारात राहत नाही. नळी नसेल तर उथळ, रुंद भांडं आणि दोन्ही बाजूंनी दिवे हाही बरा पर्याय आहे. उंच गोल फ्लास्क मात्र सोडा.

पुढचा हिशोब फोटॉनचा. 530 नॅनोमीटरच्या एक मोल फोटॉनमध्ये सुमारे 226 किलोजूल असतात. क्वांटम यील्ड 0.1 आहे असं धरून चालू, म्हणजे दहा फोटॉन शोषले की एक रेणू तयार. तुमच्या 0.1 मोलला एक मोल फोटॉन हवेत. दिव्यावर 40 वॉट लिहिलं असेल, तर ती वीज आहे. हिरवे एलईडी निळ्यांपेक्षा कमी कार्यक्षम असतात. एक तृतीयांश प्रकाशात उतरला आणि त्यातला निम्मा द्रावणात गेला, तर हाती साडेसहा वॉट. 226 किलोजूल द्यायला त्याला साडेनऊ तास लागतील, तेही रंजक शेवटपर्यंत टिकला तर. क्वांटम यील्ड निम्मं निघालं तर वेळ दुप्पट. तुमच्या दोन दिवसांतला बराचसा वेळ असा निघून जातो. हा हिशोब मी आता प्रत्येक स्केल-अपच्या आधी वहीत मांडतो. पूर्वी मांडला असता, तर निदान दोन मोठ्या बॅचेस दिव्यांखाली ताटकळत ठेवाव्या लागल्या नसत्या.

उरलेला वेळ ऑक्सिजनने खाल्ला. हवेशी समतोल असलेल्या अल्कोहोल किंवा अॅसिटोनायट्राइलमध्ये ऑक्सिजन विरघळून राहतो तो सुमारे 2 मिलिमोलर. दोन सल्फाइडना एक ऑक्सिजन रेणू पुरतो, म्हणून 100 मिलिमोलर सल्फाइडला 50 मिलिमोलर ऑक्सिजन हवा. म्हणजे द्रावणातला साठा पंचवीसदा रिकामा होऊन पंचवीसदा भरायला हवा. व्हायल हलवली की ते आपोआप होतं. मोठ्या फ्लास्कमध्ये वरच्या पृष्ठभागातून होत नाही. बारीक बुडबुडे सोडा किंवा नळीत वायू आणि द्रव आलटून-पालटून वाहू द्या. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो: ज्वलनशील सॉल्व्हंटवर शुद्ध ऑक्सिजन सोडू नका. मोठ्या प्रमाणावर काम करताना नायट्रोजन मिसळून ऑक्सिजनचं प्रमाण ज्वलनमर्यादेच्या खाली ठेवलेलं मिश्रण वापरतात, आणि डोक्यावरची मोकळी जागा नायट्रोजनने धुतात. रिअॅक्शन थोडी मंदावते, ते चालेल. शेवटी पेरॉक्साइडची पट्टी लावून पाहा, आणि ती पट्टी शांत झाल्याशिवाय सॉल्व्हंट उडवायच्या रोटाव्हॅपला फ्लास्क लावू नका.

सॉल्व्हंटही बदला. तुम्ही अॅसिटोनायट्राइल घेतलंत. सल्फाइड आणि सिंगलेट ऑक्सिजन (रंजकाने उत्तेजित केलेला ऑक्सिजन) भेटल्यावर आधी परसल्फॉक्साइड नावाचा अल्पायुषी मध्यस्थ होतो. प्रोटॉन न देणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये तो बहुतेकदा मोडून पुन्हा सल्फाइड आणि साधा ऑक्सिजन देतो; फोटॉन वाया. अल्कोहोल हायड्रोजन बंधाने त्याला सावरतं आणि तो सल्फॉक्साइडकडे जातो. म्हणजे इथे इथेनॉल घेतल्याने कचरा सौम्य होतो आणि प्रकाशही वाचतो. असा दुहेरी लाभ फार वेळा मिळत नाही, मिळतो तिथे तो घ्यावाच.

आता हरित म्हणावं का, हा मूळ प्रश्न. रॉजर शेल्डन यांनी 1992 मध्ये मांडलेला ई-फॅक्टर, म्हणजे एक किलो मालामागे किती किलो कचरा, हाच मला यात प्रामाणिक आरसा वाटतो. औषधनिर्मितीत तो 25 ते 100 किंवा त्याहून जास्त असतो. तुमच्या फ्लास्ककडे त्या नजरेने पाहा. 20 ग्रॅम पदार्थ, सुमारे 790 ग्रॅम सॉल्व्हंट, आणि रंजक एक ग्रॅमहून कमी. धातू काढून तुम्ही त्या एका ग्रॅमशी झगडलात, 790 ग्रॅम तसेच राहिले. द्रावण 0.1 ऐवजी 0.5 मोलर केलंत तर सॉल्व्हंट 160 ग्रॅमवर येतो, आणि तो फायदा कुठल्याही रंजकाच्या अदलाबदलीपेक्षा मोठा आहे. फक्त उष्णता आणि ऑक्सिजनचा पुरवठा तेवढा सांभाळावा लागेल. वर्क-अपनंतर रंजक काढायला सिलिका कॉलम लावलात, तर त्या कॉलमचे काही लिटर सॉल्व्हंट वरचं सगळं पुसून टाकतात. ईओसिन आणि रोझ बेंगाल पाण्यात विरघळणारे क्षार आहेत. सौम्य अल्कलीच्या पाण्याने धुतले की बहुतांश जातात, उरलेली छटा सक्रिय कोळशावर निघते. 4-सीझेड-आयपीएन असं धुतलं जात नाही. तिथे पदार्थाचं स्फटिकीकरण जमतं का, हे आधीच पाहून ठेवा. धुतलेलं रंगीत पाणी ड्रेनेजमध्ये सोडू नका, प्रकाशात सिंगलेट ऑक्सिजन बनवणारा रंजक पाण्यातल्या जिवांना निरुपद्रवी नसतो.

धातू काढण्याला काहीच किंमत नाही असंही मी म्हणणार नाही. 20 ग्रॅम बॉक-प्रोलीनला 1 मोल टक्क्याने तुमचं इरिडियम कॉम्प्लेक्स जवळजवळ एक ग्रॅम लागतं. औषधात उरलेल्या इरिडियम किंवा रुथेनियमसाठी आयसीएच क्यू-3-डी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेची तोंडावाटे मर्यादा दिवसाला 100 मायक्रोग्रॅम आहे, आणि तिच्याखाली आणायला स्वतंत्र शुद्धीकरण करावं लागू शकतं. ती पायरी वाचली तर कचरा खरोखर वाचला. मात्र रंजकही झाडावर उगवत नाही. ईओसिनसाठी फ्लुओरेसिनवर ब्रोमीन घालताना निम्मं ब्रोमीन हायड्रोजन ब्रोमाइड होऊन जातं. 4-सीझेड-आयपीएन करायला टेट्राफ्लुओरो संयुग लागतं आणि त्याचे चारही फ्लोरीन टाकून द्यावे लागतात. म्हणून रंजक कमीत कमी वापरणं इथेही लागू आहे.

तुमची पहिली पायरी या हिशोबात मुळात चांगली आहे. इलेक्ट्रॉन जिथून काढला तिथेच चक्राच्या शेवटी परत दिला जातो, बाहेरचं ऑक्सिडंट किंवा क्षपणकारक जळत नाही, बाहेर पडतो तो फक्त कार्बन डायऑक्साइड. ज्या रिअॅक्शन्समध्ये दोन-तीन तुल्यांक हूनिग बेस (एक अमाइन) किंवा ब्रोमोट्रायक्लोरोमिथेन बळी द्यावं लागतं, त्यांना धातुमुक्त आहेत म्हणून हरित म्हणणं मला पटत नाही. तुमच्या पायरीत खटकतं ते डीएमएफ, म्हणजे डायमिथाइलफॉर्ममाइड हे सॉल्व्हंट. युरोपीय संघात 2023 च्या डिसेंबरपासून त्याच्या वापरावर निर्बंध लागू आहेत, आणि ते पाण्यात जाऊन बसतं. इथिल अॅसिटेट किंवा डायमिथाइल कार्बोनेट थोड्या पाण्यासह करून पाहा. बेस विरघळला तर काम होईल.

मोठ्या प्रमाणावर हे चालतं का, याचं उत्तर कारखान्यांनी दिलेलं आहे. सिट्रोनेलॉलपासून रोझ ऑक्साइड हा सुगंधी पदार्थ रंजक आणि सिंगलेट ऑक्सिजनवर औद्योगिक प्रमाणात बनवला जातो. सनोफीने 2013 मध्ये इटलीतल्या गारेसिओ इथे मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनची शेवटची प्रकाश-पायरी टेट्राफिनाइलपॉर्फिरिन या धातुविरहित रंजकावर उभी केली. तिथेही सॉल्व्हंट डायक्लोरोमिथेन आणि दिवे पाऱ्याचे होते. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत गुंथर ओटो शेंक यांनी पालकाच्या हरितद्रव्यावर आणि सूर्यप्रकाशावर अॅस्कॅरिडोल हे जंतनाशक बनवलं होतं. बोलोन्यात इमारतीवर उन्हात फ्लास्क मांडून ठेवणाऱ्या जाकोमो चामिचान यांनी 1912 मध्ये अशा धूर नसलेल्या रसायनउद्योगाचं चित्र रेखाटलं होतं. ते मी तरुणपणी वाचलं आणि या कामात आलो. म्हणूनच हरित हा शब्द सैल वापरलेला मला सहन होत नाही.

प्रयोग पुन्हा लावाल तेव्हा चार व्हायल्स एकदम लावा: एक पूर्ण, एक फॉइलमध्ये गुंडाळलेली, एक रंजकाविना, एक ऑक्सिजनविना. पहिल्या पायरीत हवा नकोच, तेव्हा तिथली चौथी व्हायल मुद्दाम हवेत ठेवा. अंधारातलीही त्याच दिव्याजवळ, त्याच तापमानाला असू द्या, कारण पंखा नसेल तर एलईडीजवळची व्हायल सहज 40-50 अंशांना जाते आणि साधी उष्णतेची रिअॅक्शन प्रकाशाच्या नावावर जमा होते. दिवा बंद केल्यावर रिअॅक्शन थांबली, म्हणून साखळी रिअॅक्शन नाही असं ठरवू नका. साखळ्या सेकंदाच्या आतही विझतात. क्वांटम यील्ड एकाहून जास्त आलं तर ती नक्की आहे. ते मोजायला, म्हणजे किती फोटॉन आले हे कळायला, निळ्या दिव्यासाठी फेरिऑक्झलेट हे रसायन चालतं, हिरव्यासाठी रायनेके क्षार. आणि रंजकाची बाटली नीट वाचा. सूक्ष्मदर्शकासाठी विकलेल्या ईओसिनमध्ये रंजकाचं प्रमाण अनेकदा 80-90 टक्केच असतं आणि बाकीचे क्षार असतात. 35 मिलिग्रॅम मोजताना तो फरक धरा.

सल्फॉक्साइडची पायरी आधी 2 ग्रॅमवर, इथेनॉलमध्ये, 0.05 मोल टक्का रोझ बेंगालपैकी आधी निम्मंच घेऊन तीन मिलिमीटरच्या नळीत चालवा आणि दर तासाला नमुना घ्या. पहिल्या दोन तासांचा वेग सरळ रेषेत राहिला आणि मग पडला, तर रंजक जळतोय. उरलेला निम्मा रंजक तेव्हा घाला. सुरुवातीपासूनच वेग कमी असेल, तर दिवा वाढवण्याआधी बुडबुडे वाढवून पाहा.